व्हिक्टोरियन काळात केंब्रिजकडून क्रिकेट खेळणाऱ्याचं आयुष्य कसं असायचं? त्यांना पैसे मिळायचे का?

नाही, हौशी खेळाडूला खेळायचे पैसे मिळायचे नाहीत, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसायची. मी तुम्हाला एकाच माणसाबद्दल सांगतो, चार्ल्स स्टड, म्हणजे सी. टी. स्टड, कारण माझ्या मते सगळं त्याच्यात दिसतं.

जन्म १८६०. वडिलांनी आपल्याकडे बिहारात, तिरहुतला, निळीच्या मळ्यांवर अफाट पैसा कमावला आणि इंग्लंडला परत जाऊन मोठं घर घेतलं. म्हणजे पोरांच्या ईटन आणि केंब्रिजमागे तिकडच्या निळीच्या शेतकऱ्यांचा घाम होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तीन भाऊ जॉर्ज, चार्ल्स आणि कायनॅस्टन, १८८२, ८३ आणि ८४ असे ओळीने तीन वर्षं केंब्रिजचे कॅप्टन!! ऑक्सफर्डविरुद्धची मॅच लॉर्ड्सवर व्हायची, घोडागाड्या, टॉप हॅट, अख्खी उच्चभ्रू लंडन तिथे.

१८८२ हे त्याचं वर्ष. सीझनमध्ये हजाराच्या वर रन्स आणि शंभराच्या वर विकेट्स, शिवाय ऑस्ट्रेलियाच्या टीमविरुद्ध दोन शतकं, त्यातलं एक केंब्रिजकडून. आणि मग ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ हव्या होत्या, ऑस्ट्रेलियाचा बोलर स्पॉफर्थने एकेकाला उडवायला सुरुवात केली, आणि इंग्लंडचा कॅप्टन हॉर्न्बीने स्टडला मागे मागे ठेवत दहाव्या नंबरवर पाठवलं. तो क्रीझवर पोचला, समोरचा गेला, मग पीट आला, पीटही बोल्ड, ऑल आऊट ७७, सात रन्सनी हरले. स्टडला एकही बॉल खेळायला मिळाला नाही!

असा का मारत सुटलास असं पीटला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मिस्टर स्टडचा भरवसा वाटला नाही, अशी गोष्ट सांगतात. त्यातलं ते 'मिस्टर' बघा. पीट यॉर्कशायरचा व्यावसायिक, पैसे घेऊन खेळणारा. स्कोअरकार्डवर हौशी खेळाडूंना 'मिस्टर' किंवा नावाची आद्याक्षरं, व्यावसायिकाला नुसतं आडनाव, ड्रेसिंग रूमही वेगळी. एकाच टीममध्ये खेळायचे हो हे!

पीटचं पोट क्रिकेटवर होतं, स्टडचं नव्हतं, म्हणून तर चोविसाव्या वर्षी तो सगळं सोडू शकला. भाऊ जॉर्ज खूप आजारी पडला, त्याच्या उशाशी बसून याला वाटलं की ह्या नावलौकिकाचा काय उपयोग, आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये केंब्रिजशी जोडलेल्या सात तरुणांपैकी एक म्हणून, मिशनरी होऊन चीनला निघून गेला. तिथे चिनी कपडे, शेंडीसुद्धा. पंचविशीत वारसा हातात आला तर पाच-पाच हजार पौंडांचे चेक वाटून टाकले. पुढे काही वर्षं उटीत, आणि शेवटी काँगोत, तिथेच इबांबीला १९३१ मध्ये वारला. धर्मप्रचाराबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझीही आहेत, पण पैशाच्या बाबतीत हा माणूस बोलला तसा वागला, त्याबद्दल मला फार आदर आहे.

ओव्हलच्या हारीनंतर आयव्हो ब्लाय कॅप्टन असलेली इंग्लंडची टीम ऑस्ट्रेलियाला गेली, त्यात चार्ल्स आणि जॉर्ज दोघंही होते. अॅशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट मालिकेचं जे मानचिन्ह, त्याच्या इवल्याशा कलशावर एक कविता चिकटवलेली आहे, नीट बघा, त्यात 'स्टड्स' असं लिहिलंय, अनेकवचनी, दोघा भावांसाठी.