वसईच्या किल्ल्यात पहिल्यांदा जाताय?

भुताटकीच्या गोष्टी ऐकून दोघी मैत्रिणी ऑक्टोबरात वसईला निघालात, मस्त! पण रात्री जायचा बेत आधी रद्द करा. नवखे हमखास इथेच चुकतात. अंधारात दिसत काहीच नाही, आणि भुतापेक्षा पावसाळ्यात वाढलेल्या गवतातल्या सापाची धास्ती जास्त.

मुंबईहून सकाळी लवकरची विरार लोकल पकडा, गर्दीच्या उलट्या दिशेची म्हणून बसायलाही मिळेल. वसई रोडला पश्चिमेला उतरून रिक्षाने किल्ला. दहानंतर ऑक्टोबर हीट जीव काढते.

हा नुसता किल्ला नाही, तटबंदीच्या आतलं अख्खं पडकं शहर आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. एवढं डोक्यात असलं तरी सुरुवातीला पुरे. बुरूज मोजत बसू नका.

वेळ द्यायचा तो फ्रान्सिस्कन चर्चला. छप्पर कधीच गेलंय. खाली बघून चाला: फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. सकाळच्या तिरप्या उन्हात ती छान उठून दिसतात. अंगावर काटा यायचा तर इथेच येईल!

बाकी थोडक्यात:
- चपला नकोत, बंद बूट आणि फुल पँट.
- पाणी घरूनच न्या.
- पडक्या जिन्यांवर सेल्फीसाठी चढू नका.
- एकमेकींना सोडून झाडीत शिरू नका.

जवळचा अर्नाळा किल्लाही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. तो वेगळ्या रविवारी.