मुलाच्या बेसबॉल कोचिंगसाठी ४०१के वर लोन काढावं का?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं की मुलगा २७ चा, एडिसनला (न्यू जर्सी) आयटीत चांगला जॉब, तो सोडून मायनर लीगमध्ये (बेसबॉलच्या खालच्या पातळीच्या लीग) असिस्टंट कोच व्हायचंय, पगार निम्म्याहून कमी, डोक्यात मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधला, मॅनेजर (टीमचा मुख्य कोच) व्हायचं, आणि तुम्ही ५८ व्या वर्षी स्वतःच्या ४०१के वर (नोकरीतून साठवलेला रिटायरमेंट फंड) ५०,००० डॉलरचं लोन काढून त्याला देणार. त्याला जाऊ द्या, लोन मात्र काढू नका.

हा रस्ता किती लांबचा आहे बघा ना. ब्रायन स्निटकर १९७७ ला अटलांटा ब्रेव्हज या क्लबकडे आला आणि मेजर लीगचा मॅनेजर झाला थेट २०१६ ला, तेही सुरुवातीला तात्पुरता. आणि क्रेग काउन्सेलला शिकागो कब्ज टीमने ५ वर्षांचे ४ कोटी डॉलर दिले हे वाचून कुणी गणित मांडत असेल तर काउन्सेल आधी स्वतः मेजर लीग खेळलाय, आणि अशा खुर्च्या सगळ्या मिळून ३०. न खेळलेल्याला अगदीच चान्स नाही असं नाही हां, माईक शिल्ट प्रो (व्यावसायिक) बेसबॉल कधीच खेळला नव्हता तरी २०१८ ला सेंट लुईस कार्डिनल्स टीमचा मॅनेजर झाला, २०१९ ला नॅशनल लीगचा (मेजर लीगचा अर्धा भाग) बेस्ट मॅनेजर ठरला, आणि २०२१ ला टीम प्लेऑफला (सीझननंतरची बाद फेरी) नेऊनही त्याला काढलंच.

म्हणजे तंगी दोन-चार वर्षांची नाही, पंधरा-वीस वर्षंही चालू शकते, तिथे एकरकमी पैसे देऊन काय होणार? लोन सहसा ५ वर्षांत फेडायचं, हप्ता हजार डॉलरच्या आसपास तुमच्या पगारातून कापणार, आणि मध्येच तुमचा ले-ऑफ झाला, पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरता आलं नाही, तर उरलेली रक्कम उत्पन्नात धरतात. ५५ नंतर नोकरी सुटल्यामुळे वेळेआधी पैसे काढल्याची १० टक्के पेनल्टी वाचेल, टॅक्स नाही वाचत.

त्यापेक्षा साध्या सेव्हिंगमधून महिन्याला ५००-६०० द्या, दोन सीझन, बस. त्याने स्वतःचा ४०१के मोडायचा नाही, त्याला तर पेनल्टीही लागेल. सप्टेंबरमध्ये सीझन संपतो, तेव्हा आयटीचं काँट्रॅक्ट काम धरता येईल, ते आत्ताच बोलून ठेवायला सांगा. सही करण्याआधी क्लबला दोनच गोष्टी विचारायच्या, पगार बारा महिने की सीझनपुरता, आणि हेल्थ इन्शुरन्स आहे का, कारण २६ उलटल्यावर तो सहसा तुमच्या पॉलिसीत बसत नाही.