क्रीडास्पर्धांची सुरक्षा: आधी एक विद्या, मग स्टेडियम

प्रश्न: आम्ही दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. पॅरिस ऑलिम्पिक पाहिल्यापासून तिला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या सुरक्षेचे काम करायचे आहे. शहरातील एक संस्था सहा महिन्यांच्या ‘आंतरराष्ट्रीय क्रीडा सुरक्षा’ अभ्यासक्रमाचे एक लाख वीस हजार रुपये मागते. कापूस विकून ते भरावेत का? – एक पालक

उत्तर: सप्रेम नमस्कार. पैसे भरू नका, हे आधीच सांगतो. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालील केंद्राच्या नमुना नियमांनुसार सुरक्षारक्षकाचे प्रशिक्षण १६० तासांचे असते, त्यांपैकी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे. त्यातून रक्षकाची नोकरी मिळते, आणि ती प्रामाणिक नोकरी आहे. मात्र ‘आंतरराष्ट्रीय’ असा शिक्का मारला म्हणून तिला लाखाचे मोल येत नाही.

मुलीची इच्छा चांगली आहे, पण टीव्हीवर दिसणारा बंदूकधारी जवान हा या कामाचा एक लहानसा भाग आहे. १९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिम्पिक ग्रामात अतिरेकी शिरले आणि इस्रायलचे ११ खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले, ही भीती प्रत्येक यजमान देशाच्या मनात असते. तरीही प्रेक्षकांचे जीव पुष्कळदा साध्या चुकीने जातात. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील हिल्सबरो स्टेडियममध्ये बाहेरची दाटी कमी करण्यासाठी एक मोठे फाटक उघडले गेले. आत आलेली माणसे समोरच्या बोगद्यातून मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरली, बाजूच्या कप्प्यांत जागा असूनही बोगद्याच्या तोंडाशी त्यांना तिकडे वळवणारे कोणी नव्हते, आणि त्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ जणांचा जीव गेला. आपल्या नागपुरातही १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी स्टेडियमची भिंत कोसळून प्रेक्षक दगावले होते. तेथे कोणत्या बंदुकीचा उपयोग झाला असता?

पॅरिसचेच पाहा. २६ जुलै २०२४ रोजी सीन नदीवरील उद्घाटनासाठी सुमारे ४५,००० पोलीस तैनात होते, आणि त्याच पहाटे शहरापासून दूर वेगवान रेल्वेच्या केबल जाळण्यात आल्या. स्टेडियमला कोणी हात लावला नाही, पण लाखो प्रवासी खोळंबले. म्हणूनच या क्षेत्रात अभियंता, गर्दीचा हिशेब करणारा, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ आणि पोलीस एकाच नियंत्रण कक्षात बसतात, आणि प्रत्येक जण आपापली विद्या घेऊन आलेला असतो.

मुलीनेही अशी एक विद्या निवडावी. माझा कल नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाकडे आहे, कारण तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी घेता येते, घर जवळ राहते, आणि स्टेडियमचे काम मिळाले नाही तरी कारखाने, रुग्णालये व महापालिका आहेतच. गांधीनगरजवळील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ हा दुसरा मार्ग; अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा व्हायच्या आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. वर्दीचीच ओढ असेल तर राज्य पोलीस भरती आहे: बारावी उत्तीर्ण, महिलांसाठी किमान १५५ सेंटीमीटर उंची, मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. प्रेक्षक महिलांची झडती महिलेनेच घ्यायची असल्याने मोठ्या सामन्यांना महिला कर्मचारी लागतातच.

यातला एकही मार्ग सहा महिन्यांचा नाही, हे मुलीला स्पष्ट सांगा. दरम्यान, फुकट मिळणारे शिक्षण सोडू नये. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तिला स्वयंसेवकांबरोबर एक दिवस उभे राहू द्या. बल्ल्यांच्या अरुंद तोंडातून मिनिटाला किती माणसे सुटतात, लेकरू कडेवर असलेली बाई कुठे अडते, मागून रेटा आला की पुढच्यांना तो किती उशिरा कळतो, हे तिने वहीत टिपून ठेवावे. शेगावला गेलात तर दर्शनबारीही अशाच नजरेने पाहावी.

तिचा गणित विषय आहे की केवळ जीवशास्त्र, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. अभियांत्रिकीचा विचार त्यावर अवलंबून आहे, तेव्हा तेवढे कळवावे.