आईकडून राहून गेलेलं

प्रश्न: माझा नातू ३२ व्या आठवड्यातच जन्मला. वजन १ किलो ७०० ग्रॅम. आता सव्वा महिन्याचा आहे. डॉक्टर आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूसाठी निरसेव्हिमॅब नावाचं अँटीबॉडीचं इंजेक्शन घ्या म्हणतात, आणि ही लस नव्हे असंही सांगतात. मग आहे तरी काय? कोणाच्या रक्तातून काढतात का? एवढ्या कोवळ्या जिवाला बाहेरचं काही टोचायचं धाडस होत नाही.
– एक आजी, साखळी, गोवा

उत्तर: आजी, रक्ताची भीती आधी काढून टाका. या विषाणूसाठी १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं औषध रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनत असे आणि शिरेतून तासन्‌तास चढवावं लागे. आताची अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला पकडून अडवणारं प्रथिन, मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या पेशींकडून तयार करून घेतात.

लस बाळाच्या शरीराला अँटीबॉडी तयार करायला शिकवते. हे इंजेक्शन तयार अँटीबॉडीच देतं. खरं तर या अँटीबॉडी नातवाला आईकडूनच मिळायच्या होत्या. वारेतून त्या सगळ्यात जास्त जातात शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, आणि नेमके तेच दिवस त्याचे हुकले.

तुमची धास्ती मला समजते. १९६६ साली अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेल्या याच विषाणूची लस तान्ह्या मुलांना देऊन पाहिली होती. पुढे लागण झाली तेव्हा लस घेतलेलीच मुलं जास्त आजारी पडली. दोन दगावली. शिकत असताना हे वाचलं, ते अजून मनातून जात नाही. त्या मुलांच्या अंगात अँटीबॉडी होत्या, पण विषाणूला अडवू शकतील अशा नव्हत्या. या विषाणूवरचं एक प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं, शिरताना ते उलगडून वेगळंच होतं. पकडायचं ते आधीच्या आकारात. तो आकार नेमका कसा, हे जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. निरसेव्हिमॅब त्याच आकाराच्या टोकाला चिकटते. शिवाय तिच्यात तीन ठिकाणी असे बदल केलेत की शरीर तिला लवकर मोडीत काढत नाही. १९९८ ची पॅलिव्हिझुमॅब ही आधीची अँटीबॉडी या विषाणूच्या मोसमात दर महिन्याला टोचावी लागे. ही एकदाच, ५ किलोच्या आतल्या बाळाला ५० मिलिग्रॅम, आणि निदान पाच महिने पुरते.

गेल्या श्रावणात माझ्याकडे दीड महिन्याची मुलगी आली होती. दोन घोट दूध घ्यायची, सोडायची, धापा टाकायची. अंगडं वर केलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. घरात थोरल्या भावाला नुसती सर्दी झालेली. आठ दिवस ऑक्सिजनवर राहून ती घरी गेली. म्हणून सांगते, नातवाला इंजेक्शन द्या. डॉक्टरांनी त्याला पाहूनच सुचवलंय.

मात्र हे फक्त आरएसव्हीपुरतं आहे, बाकीच्या सर्दी-तापांना नाही. चवथीला घर माणसांनी भरेल, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली जो तो बाळाला उचलायला बघेल. शिंकणाऱ्याला, मग तो सख्खा मामा का असेना, लांब ठेवा. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत आणि पापे घेऊ नयेत. बाळ शांत असताना अंगडं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला शिका. ६० किंवा त्याहून जास्त भरले, नाकपुड्या फुलल्या किंवा दूध ओढेनासं झालं, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.