तंबोऱ्याची पहिली तार पंचमात की मध्यमात?

प्रश्न : मुलीसाठी मिरजेहून तंबोरा आणलाय, मोबाईलच्या ट्यूनरवर चारही तारा बरोबर दाखवतात, पण तिनं मालकंस राग गायला घेतला की काहीतरी खटकतं. वाद्य खराब आहे का?
– एक पालक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वाद्य ठीक असणार हो! नेहमी तारा प सा सा आणि खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा अशा लावतात, पण मालकंसात पंचम (प) नाहीच, मग पहिली तार मध्यमात (म) लावायची, आणि मारवा रागाला पंचमही नाही न् शुद्ध मध्यमही नाही, तिथे बहुतेकजण निषाद (नी) लावतात.

आधी जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा तिच्या पट्टीत (ती गाते त्या सा मध्ये) एकजीव करा, मग खर्ज, मग पहिली. खुंटीनं साधारण जवळ आणायचं, शेवटचा केसभर फरक खालच्या मण्यानं. नंतर घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा अगदी हळू सरकवत राहा, एका जागी तार एकदम गुंजायला लागते, ती जवारी (तारेचा गुंजता नाद) खुलली, आणि खर्जातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो! ट्यूनर सुरुवातीला ठीक, पण हे कानानंच कळतं. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर हलतो, त्यामुळे रोज बसण्याआधी लावाच, आणि मुलीलाच लावू द्या.