माउथवॉश, हिरड्या आणि तोंडातील सूक्ष्मजीव

प्रश्न : माझे वय ५८ असून मला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. तोंडात शेकडो प्रकारचे जंतू असतात असे वाचल्यापासून मी रोज दोन वेळा क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने गुळण्या करतो, तरीही दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. हे जंतू कायमचे घालवण्याचा उपाय सांगावा. – एक वाचक, सातारा

उत्तर : तोंड जंतुमुक्त करणे शक्य नाही आणि रक्तदाबाच्या रुग्णाने तर त्यासाठी झटूही नये. मानवी तोंडात सूक्ष्मजीवांच्या ७००हून अधिक जाती आढळल्या असून त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, तर काही उपयुक्त आहेत. पालक, मुळा, बीट यांतील नायट्रेट रक्तात शोषले गेल्यावर त्याचा सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी पुन्हा लाळेत सोडतात आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. आपल्या स्वतःच्या पेशींना हे काम फारसे जमत नाही. गिळलेल्या नायट्राइटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते व त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. क्लोरहेक्सिडिनने हे जिवाणू मारले गेल्यावर आठवडाभरात रक्तदाब किंचित वाढल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. सर्वच अभ्यासांत तसे आढळलेले नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नये. परंतु दंतवैद्य ठरावीक दिवसांसाठी देतात ते औषध आपल्या मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बिघडते.

गुळण्या करूनही रक्त का थांबले नाही, याचे कारण दातांवर साचणाऱ्या चिकट थरात आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराचे सूक्ष्मजीव-निरीक्षक अँटनी व्हान लीउवेनहूक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा हा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कडक व्हिनेगरने चुळा भरल्या आणि थराच्या बाहेरचे जीव तेवढे मरतात, आतले जिवंतच राहतात, असे नोंदवून ठेवले. आजचे माउथवॉशही तिथेच अडतात. हा थर ब्रशने आणि दातांच्या फटींत दोरा किंवा बारीक ब्रश फिरवून खरवडूनच काढावा लागतो. त्याचे कडक किटण झाले असेल, तर ते केवळ दंतवैद्यच काढू शकतात.

मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर वाढवते. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) सरासरी ०.४ टक्के-अंकांनी उतरते, आणि हा लाभ लहान नाही. आपण ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर ते दंतवैद्यांना अवश्य सांगावे, कारण पहिल्या औषधाने काहींच्या हिरड्या वाढतात आणि दुसऱ्याने रक्तस्राव वाढतो. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

प्रश्न : मुलाला गोळ्या-चॉकलेट एकदम द्यावे की दिवसभर थोडे थोडे? – एक आई, नाशिक

उत्तर : एकदम, आणि तेही जेवणाला जोडून. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५च्या खाली गेला की दाताच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला तो पूर्ववत करण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. दर तासाला एक गोळी मिळाल्यास लाळेला ती सवडच मिळत नाही. झोपण्यापूर्वी दात घासल्यावर तर काहीच गोड देऊ नये, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते.