पावडरचं नंतर, आधी डबा

प्रोटीन पावडर कोणती घेऊ, सरावानंतर उपाशी राहिलं तर चरबी जास्त जळते का, रात्री भात बंद करू का... प्रश्नांची एवढी माळ लावलीस, पण काल सकाळी पाण्यातून निघाल्यावर पोटात काय गेलं ते कुठेच लिहिलं नाहीस. म्हणजे काहीच गेलं नसणार.

तुझं पोहणं मी रोज बघतो. संध्याकाळी मुख्य सेट अर्ध्यावर आला की तुझं कोपर खाली पडतं, हात पाणी धरण्याऐवजी नुसता कापत जातो, टर्ननंतर भिंतीला दिलेला धक्का मऊ पडतो. मग तू माझ्याकडे तंत्र सुधारायचं ड्रिल मागतेस. तंत्राला काहीही झालेलं नाही, सकाळचा खड्डा भरलेला नाही.

माझं एकच म्हणणं आहे: डबा घरातून निघायच्या आधी भरलेला हवा. काय खायचं ते दमल्यावर ठरवायचं नसतं. त्यात गार पाण्यातून बाहेर आलं की भूक खवळते, मग समोर दिसेल ते पोटात जातं.

हिशोब बघ. दोन सरावांमध्ये आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, भरून काढायला पहिले चार तास, दर तासाला, वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं लागतात. तुला पन्नास किलोची धरलं तर पहिल्या तासाचे ५० ग्रॅम दोन केळ्यांत येतात. वर अर्धा लिटर दूध घे. त्यात साधारण १६ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि एका वेळी तुला किलोमागे ०.३ ग्रॅम पुरतात. दूध सोसत नसेल तर उकडलेली अंडी आणि ब्रेड. केस पुसता पुसता खा. मग घरी जाऊन नीट जेव, भातासकट. सांग, यात पावडर कुठे आली? डबीवर न लिहिलेलं काही त्यात निघालं आणि उत्तेजक चाचणीत सापडलं, तर जबाबदार तूच, कंपनी नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर एवढी घाई नको, दिवसभराचं जेवण पुरेसं असलं की झालं. सराव संपल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे, या मुहूर्ताचा बाऊ पावडर विकणाऱ्यांनी केलाय. पण तुला अशी सुट्टी आठवड्यातून कितीदा मिळते?

चरबीचं खूळ मात्र आजच डोक्यातून काढ. सतत कमी खाऊन भरपूर पोहणाऱ्या मुलींची पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात, आजारपणं मागे लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड्स’ (खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) असं नाव देऊन इशारा दिलाय. आणि ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या रोजच्या १२,००० कॅलरींचे दाखले मला देऊ नकोस. ती गोष्ट खरी नाही असं त्यानंच सांगून टाकलंय. तुला त्याच्याएवढंही खायचं नाही आणि चिमणीएवढंही नाही.

मी डबे उघडून बघतो म्हणून काही पालक हसतात. हसोत. मी पोहायचो तेव्हा सरावानंतर लगेच खायचं नाही असा दंडक होता. आम्ही तो निमूटपणे पाळला. माझ्या अंगात आणखी किती वेग होता, ते मला आता कधीच कळणार नाही. त्यामुळे डब्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही, तुझंही नाही. डबा नसेल तर संध्याकाळी पाण्यात उतरायचं नाही.

आणि हो, पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही. उद्या सरावाच्या आधी आणि नंतर, अंग कोरडं करून वजन कर. अर्धा किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत पाऊण लिटरपर्यंत पाणी थोडं थोडं करून पी, जेवणातलं मीठ कमी करू नकोस. दोन्ही आकडे मला पाठव. डब्यात काय होतं तेही लिही.